न्यायाधीशांनी बोलायचं कुठे?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्श गाडीनं एका मोटारसायकलला धडक दिली. मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते मरण पावले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप होता. त्याच दिवशी बाल न्याय मंडळानं त्याला जामीन दिला आणि जामिनाला अटी घातल्या: वाहतूक पोलिसांबरोबर पंधरा दिवस काम, समुपदेशन आणि रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. या अटींपैकी निबंध तेवढा देशभर पोचला. दोन जीव गेले आणि शिक्षा काय, तर निबंध, असं घराघरांत बोललं गेलं.

ती शिक्षा नव्हती. खटला सुरूही झालेला नव्हता. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अल्पवयीन मुलाला जामीन देणं हा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद आहे. पण जामीन म्हणजे काय, त्याच्या अटी कशासाठी असतात, पुढे काय होणार आहे, हे त्या दोन-तीन दिवसांत लोकांना कुणीच नीट सांगितलं नाही. २२ मे रोजी मंडळानं आपला आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं. तोवर लोकांचं मत ठाम झालं होतं.

लोकांचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. दोन घरांतली मुलं गेली होती, आणि पैशाच्या जोरावर कायदा वाकवला जातो हा संशय आपल्याकडे हवेतून आलेला नाही. मला खंत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. या घटनेनंतर सहाच आठवड्यांनी, १ जुलै २०२४ ला, भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि देशाच्या दंडविधानात पहिल्यांदाच सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून आली. म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगात न पाठवता समाजाच्या उपयोगाचं बिनमोबदला काम करायला लावणं. ज्या कल्पनेला जनतेच्या विश्वासाची सर्वांत जास्त गरज होती, ती नेमकी अशा वेळी आली, जेव्हा वाहतूक पोलिसांबरोबर काम करायला लावणं हे लोकांना श्रीमंतांची सुटका करण्याचं निमित्त वाटत होतं.

तुरुंगाऐवजी दुसरी शिक्षा देता येते, हे लोकांना पटवून कोण देणार? मंत्र्याला ते परवडत नाही. पुढची निवडणूक समोर असते. पोलिसांचं काम आरोपी पकडण्याचं आहे. सुधारणावादी संस्था बोलतात, पण त्यांना गुन्हेगारांचा कळवळा आहे म्हणून लोक कान देत नाहीत. उरतो न्यायाधीश. त्यानं फिर्यादीचं ऐकलेलं असतं, आरोपीला पाहिलेलं असतं, पुरावा तपासलेला असतो आणि कडक शिक्षा देण्याचा अधिकारही त्याच्याच हातात असतो. तुरुंगात पाठवू शकणारा माणूस जेव्हा म्हणतो की या माणसाला तिथे पाठवून कुणाचंच भलं होणार नाही, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन येतं.

पण लोक मुळात ऐकायला तयार असतात का? या प्रश्नावर अंदाजानं बोलायची गरज नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात अँथनी डूब आणि ज्युलियन रॉबर्ट्स या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. एकाच खटल्याची माहिती त्यांनी लोकांच्या दोन गटांना दिली. एका गटाला वर्तमानपत्रातली बातमी वाचायला दिली, दुसऱ्याला न्यायालयातल्या कागदपत्रांवर आधारलेला मजकूर. बातमी वाचणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोकांना शिक्षा फार सौम्य वाटली. कागदपत्रं वाचणाऱ्यांपैकी असं वाटणारे फक्त १९ टक्के होते. गुन्हा तोच, आरोपी तोच, न्यायाधीशही तोच. वाचलं काय, एवढाच फरक.

यापेक्षाही मोठी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया राज्यात दिसली. तिथे आरोपी दोषी आहे की नाही हे ज्यूरी ठरवते आणि शिक्षा न्यायाधीश देतो. निवाडा दिला की ज्यूरीचं काम संपतं, सदस्य घरी जातात. केट वॉर्नर या कायद्याच्या प्राध्यापिकेनं (पुढे त्या टास्मानियाच्या गव्हर्नर झाल्या) या रिकाम्या जागेचा उपयोग केला. न्यायाधीशांच्या मदतीनं ज्यूरी सदस्यांना विनंती केली गेली, की निवाड्यानंतरही थांबा, शिक्षेबद्दलचे दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐका, आणि तुम्ही न्यायाधीश असता तर काय शिक्षा दिली असती ते लिहून द्या. १३८ खटल्यांमधल्या ६९८ सदस्यांनी उत्तरं दिली. त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांनी सुचवलेली शिक्षा न्यायाधीशानं प्रत्यक्षात दिलेल्या शिक्षेपेक्षा सौम्य होती. त्यांना अजून न्यायाधीशाचा निर्णय माहीत नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं.

दुसऱ्या टप्प्यात या सदस्यांना न्यायाधीशानं शिक्षा देताना मांडलेली कारणं आणि शिक्षेसंबंधीची सर्वसाधारण माहिती वाचायला पाठवली. ते वाचल्यावर ९० टक्के सदस्यांनी शिक्षा योग्य असल्याचं सांगितलं. तीच माणसं, सर्वसाधारणपणे न्यायालयं कशी वागतात असं विचारल्यावर मात्र, विशेषतः हिंसक आणि लैंगिक गुन्ह्यांबद्दल, शिक्षा सौम्य असतात असंच म्हणत होती. ज्या न्यायालयात आपण बसलो तिथे न्याय झाला आणि बाकी सगळीकडे ढिलाई चालते, अशी त्यांची समजूत होती. बाकी सगळीकडचं चित्र बातम्यांमधून आलेलं होतं. न्यायाधीशाचं म्हणणं मुळातून, त्याच्याच शब्दांत माणसापर्यंत पोचलं तर मत बदलतं, याचा मला माहीत असलेला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

आता प्रश्न उरतो तो न्यायाधीशांनी ते पोचवायचं कसं हा. याचं एक उत्तर आफ्रिकेतून आलं आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते गरीब देशाचं उत्तर आहे.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झिंबाब्वेचे तुरुंग क्षमतेपलीकडे भरले होते. आत बसलेल्यांमध्ये अल्प मुदतीची शिक्षा भोगणाऱ्यांचा मोठा भरणा होता. किरकोळ चोरी, दंड भरायला पैसे नाहीत, असल्या कारणांनी आलेली माणसं. १९९२ मध्ये कायदा बदलून सामुदायिक सेवेची वाट मोकळी करण्यात आली. कागदावर वाट अनेक देशांनी मोकळी केली आहे. झिंबाब्वेनं पुढे जे केलं ते वेगळं होतं: योजना राबवणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पॅडिंग्टन गार्वे बसले आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या समित्या दंडाधिकाऱ्यांच्या हाती दिल्या. शिक्षा देणाराच शिक्षेची व्यवस्था उभी करायला बाहेर पडला. कुठल्या रुग्णालयाला माणसं हवीत, कुठल्या शाळेत काम आहे, कामावर लक्ष कोण ठेवणार, हे त्या समित्यांमध्ये ठरू लागलं.

शिक्षा सांगण्याची त्यांची रीतही विचारपूर्वक घडवलेली होती. बारा महिन्यांपर्यंतची कैद योग्य ठरेल अशा गुन्ह्यात दंडाधिकारी आधी कैदेची शिक्षा ठरवायचा आणि मग सामुदायिक सेवेच्या अटीवर ती स्थगित करायचा. ऐकणाऱ्याला कळायचं की या माणसाला तुरुंग लागलाच होता. त्याच्या बदल्यात हे काम आहे आणि काम चुकवलं तर तुरुंग जागेवरच आहे. फिनलंडनंही थोड्याफार फरकानं हेच केलं. तिथे न्यायाधीश आधी आठ महिन्यांपर्यंतची कैद ठरवतो आणि मगच ती कामाच्या तासांमध्ये बदलतो. यामुळे ज्यांना एरवी ताकीद देऊन सोडलं असतं, अशांनाच नव्या शिक्षेत ओढण्याचा मोह टळतो. लोकांच्या दृष्टीनं त्याहून मोठा फायदा असा, की गुन्ह्याचं वजन न्यायालयानं ओळखलं आहे हे पहिल्याच वाक्यात दिसतं. पुण्यातल्या अटींमध्ये नेमकं हेच लोकांना दिसलं नव्हतं.

झिंबाब्वेच्या योजनेची दखल आफ्रिकेतल्या तुरुंगांच्या स्थितीवरच्या १९९६ च्या कंपाला जाहीरनाम्यानं घेतली. नोव्हेंबर १९९७ मध्ये झिंबाब्वेतल्याच काडोमा शहरात सामुदायिक सेवेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. केनियानं १९९८ मध्ये आणि युगांडानं २००० मध्ये स्वतःचे कायदे केले, आणि केनियाच्या कायद्यानं राष्ट्रीय समितीचं अध्यक्षपद वरिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाकडेच सोपवलं. या सगळ्यात जाहिरातबाजीपेक्षा जास्त काम केलं ते एका साध्या गोष्टीनं. शाळेच्या मुख्याध्यापकानं, रुग्णालयातल्या मेट्रननं शिक्षा झालेला माणूस रोज काम करताना पाहिला. कुंपण घालणारा, फरशी पुसणारा, वेळेवर येणारा किंवा न येणारा. गुन्हेगार म्हणजे कोण याबद्दलची त्यांची कल्पना कुठल्याही भाषणानं बदलली नसती, तेवढी त्या माणसानं बदलली.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या रेड हुक वस्तीत गोष्ट वेगळ्या वाटेनं घडली. १९९२ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक एका विद्यार्थ्याला शोधायला बाहेर पडले आणि अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या गोळीबारात सापडून मारले गेले. त्या दुःखातून पुढे आलेल्या प्रयत्नांचं फळ म्हणून २००० मध्ये एका जुन्या, बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत न्यायालय सुरू झालं. ॲलेक्स कॅलाब्रिझी हे न्यायाधीश तिथे फौजदारी, कौटुंबिक आणि घरभाड्याचे असे तिन्ही प्रकारचे खटले एकटेच चालवत. न्यायाधीशाची बैठक मुद्दाम खाली ठेवलेली होती, समोरच्या माणसाच्या नजरेला नजर भिडेल इतकी. घराच्या दुरुस्तीचा वाद असेल तर ते स्वतः वस्तीतल्या घरात जाऊन भिंत पाहून येत. व्यसनमुक्तीचा उपचार पुरा करणाऱ्याचं भर न्यायालयात कौतुक होई. वस्तीतल्या बैठकांना ते जात. कुठली भिंत रंगवायची, कुठली बाग साफ करायची, हे लोक सुचवत आणि शिक्षा झालेले लोक ते काम करत.

२०१३ मध्ये या न्यायालयाचं स्वतंत्र मूल्यमापन प्रसिद्ध झालं. तिथून गेलेल्या प्रौढ आरोपींचं पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण, नेहमीच्या न्यायालयातून गेलेल्यांच्या तुलनेत सुमारे १० टक्क्यांनी कमी होतं. अल्पवयीनांमध्ये २० टक्क्यांनी. हे आकडे थक्क करणारे नाहीत, पण प्रामाणिक आहेत आणि म्हणून मला विश्वासार्ह वाटतात. मूल्यमापन करणाऱ्यांनी श्रेयाचा मोठा वाटा उपचारांपेक्षा एका वेगळ्या गोष्टीला दिला: इथे आपल्याला माणसासारखं वागवलं जातं, आपलं ऐकून घेतलं जातं, हा आरोपींचा अनुभव. इंग्लंडनं हाच नमुना उचलून उत्तर लिव्हरपूलमध्ये तसंच केंद्र काढलं, न्यायाधीश डेव्हिड फ्लेचर यांच्या हाती दिलं, आणि २०१३ मध्ये खर्चाचं कारण देऊन ते बंद करण्याचा निर्णय घेतला. एका माणसाच्या जिवावर उभं राहिलेलं काम असं सहज मोडता येतं. झिंबाब्वेची समित्यांची रीत म्हणूनच मला जास्त भरवशाची वाटते.

आपल्याकडे न्यायाधीशांनी काहीच केलं नाही असं नाही. मुंबई इलाख्यात परिवीक्षेचा कायदा १९३८ मध्येच झाला होता. देशपातळीवरचा अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ चा. पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, आणि सोडताना पीडिताला भरपाई द्यायलाही लावता येतं. फौजदारी प्रक्रिया संहितेनं तर १९७३ मध्ये उलटा दंडक घातला: परिवीक्षा देता येण्यासारखी असून दिली नाही, तर न्यायाधीशानं त्याची खास कारणं लिहावीत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४०२ म्हणून कायम आहे. म्हणजे कायदा तुरुंगात का पाठवलं याचा खुलासा मागतो, आणि लोक का सोडलं याचा. दोन्ही खुलासे एकाच आदेशात बसू शकतात, पण ते लिहिले तर.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते लिहिले. केरळच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे तुरुंग खातं होतं, आणि त्याआधी १९४८ मध्ये ते स्वतः महिनाभर तुरुंगात राहून आले होते. १९७७ च्या गियासुद्दीन खटल्यात नोकरीचं आमिष दाखवून फसवणाऱ्या तरुणाची शिक्षा कमी करताना त्यांनी शिक्षेचा हेतू काय असावा यावर पानंच्या पानं खर्च केली. वकिलांनी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ती वाचली; सामान्य माणसापर्यंत ती जाणं अवघडच होतं, कारण त्यांची इंग्रजी भल्याभल्यांना शब्दकोश उघडायला लावणारी होती. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच वाटतं की तो विचार मराठीत, मल्याळममध्ये, हिंदीत त्याच काळात उतरायला हवा होता. महाराष्ट्राला कैद्यांवर विश्वास टाकून त्यांना भिंतींबाहेर ठेवणाऱ्या खुल्या तुरुंगाची ओळख निकालपत्रातून झालीच नाही. ती औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला केलेल्या प्रयोगातून आणि त्यावरून व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये काढलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटातून झाली. सहा कैदी आणि एक जेलर प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्यांना ते पटलं.

विश्वास मिळवता येतो तसा घालवताही येतो. २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली की त्यानं फिर्यादी स्त्रीच्या घरी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयानं १८ मार्च २०२१ ला ती अट रद्द केली आणि अशा गुन्ह्यांत तडजोडीचं वळण देणाऱ्या अटी घालू नयेत, असं देशभरातल्या न्यायालयांना बजावलं. जिच्यावर अन्याय झाला तिला न विचारता, तिच्याच दारात आरोपीला पाठवणं हा तुरुंगाला पर्याय नव्हे. झाडं लावा, रुग्णालयात सेवा करा, असे आदेश आपली न्यायालयं अधूनमधून देतात. त्यातले काही चांगले असतात. पण एका न्यायाधीशाला सुचलं म्हणून झाड आणि दुसऱ्याला सुचलं म्हणून आणखी काही, असं दिसत राहिलं तर लोकांना त्यात शिक्षा दिसत नाही, लहर दिसते.

नव्या न्याय संहितेत हा धोका उरतोच. सामुदायिक सेवा सहा गुन्ह्यांसाठी ठेवली आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी, वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल तर, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, बदनामी, आणि असेच आणखी तीन. पण तास किती, काम कोणतं, देखरेख कुणाची, हे संहिता सांगत नाही. १९७८ च्या दुरुस्ती विधेयकातही सामुदायिक सेवा होती. राज्यसभेनं ते मंजूर केलं आणि पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाल्यानं ते बारगळलं. पंचेचाळीस वर्षांनी ती कायद्यात आली. या काळात आपले तुरुंग किती भरले ते २०२२ च्या अधिकृत आकडेवारीत आहे: ४ लाख ३६ हजार जागांमध्ये ५ लाख ७३ हजार माणसं, आणि त्यांतले चारपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. सामुदायिक सेवेनं ही कच्च्या कैद्यांची कोंडी फुटणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण जामीन असो की शिक्षा, माणूस तुरुंगाबाहेर ठेवण्याला लोकांची संमती लागते, आणि ती संमती एकाच साठ्यातून येते.

न्यायाधीशांनी बोलू नये, असा आक्षेप इथे येतो आणि तो हलका नाही. ७ मे १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींनी मिळून स्वीकारलेल्या न्यायिक मूल्यांच्या निवेदनात न्यायाधीशानं माध्यमांना मुलाखती देऊ नयेत, त्याचे निकालच बोलावेत, असं म्हटलं आहे. माझ्या मते हा नियम योग्य आहे. आपल्या समोरच्या खटल्यावर न्यायाधीश टीव्हीवर बोलू लागला, तर तो लोकप्रियतेच्या मागे लागला असं कुणीही म्हणेल आणि ते खरंही असू शकेल. पण निकाल बोलायचा असेल तर तो ऐकू येईल असा हवा. महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. शिक्षा सुनावताना चार वाक्यं साध्या मराठीत, खुल्या न्यायालयात, फिर्यादी समोर बसलेला असताना सांगता येतात: तुझ्यावर अन्याय झाला हे मी मान्य केलं आहे, या गुन्ह्याला एवढी कैद होती, तिच्याऐवजी हे काम एवढे तास, आणि ते चुकवलं तर काय होईल. बातमीदारालाही मग तेच चार ओळींत लिहून नेता येतं.

मुलाखत न देता लोकांत जाण्याची जागाही कायद्यानं करून ठेवलेली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार जिल्हा न्यायाधीश हेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि तालुका समितीचं अध्यक्षपदही न्यायाधीशाकडेच असतं. कायदेविषयक शिबिरं गावोगाव होतात, शाळा-महाविद्यालयांत होतात. तिथे वारसा हक्क, पोटगी, मोफत वकील यांवर बोललं जातं. त्याच मंडपात टास्मानियासारखा प्रयोग करता येईल: एक खटला, नावं काढून, लोकांपुढे मांडायचा, दोन्ही बाजू सांगायच्या आणि विचारायचं, तुम्ही काय शिक्षा द्याल? त्याच तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक, जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि परिवीक्षा अधिकारी समितीच्या बैठकीला बोलावले, तर कामाच्या जागा आणि देखरेख हे दोन्ही प्रश्न तिथेच सुटू लागतील. वर्षअखेर किती जणांना काम दिलं, किती जणांनी पुरं केलं, किती जण मध्येच सोडून गेले आणि त्यांचं पुढे काय झालं, याचा ताळेबंद न्यायालयाच्या फलकावर मराठीत लावता येईल, सोडून गेलेल्यांचा आकडा न लपवता. यासाठी नवा कायदा लागत नाही. उच्च न्यायालयाचं एक परिपत्रक पुरेल.